स्टीव्ह क्लार्क

स्टीव्ह क्लार्क (जन्म: २९ ऑगस्ट १९६३, सॉल्टकोट्स, एअरशायर) हे स्कॉटलंडचे माजी फुटबॉलपटू व प्रशिक्षक आहेत. खेळाडू म्हणून ते प्रामुख्याने उजव्या बगलेचे बचावपटू होते. सेंट मिरेन आणि चेल्सी या दोनच व्यावसायिक क्लबांकडून ते खेळले. निवृत्तीनंतर सुमारे चौदा वर्षे त्यांनी बहुतांशी इतरांच्या हाताखाली साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम केले. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, २०१२ साली, त्यांना प्रथमच एका संघाची पूर्ण जबाबदारी मिळाली. मे २०१९ मध्ये त्यांनी स्कॉटलंडच्या पुरुष राष्ट्रीय संघाची सूत्रे स्वीकारली. त्यांच्या कारकिर्दीत हा संघ २०२० व २०२४ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धांसाठी आणि २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. तीन मोठ्या स्पर्धांची पात्रता मिळवून देणारे ते स्कॉटलंडच्या पुरुष संघाचे पहिलेच प्रशिक्षक होत.

सुरुवातीचे जीवन

सॉल्टकोट्स हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एक लहान गाव आहे. क्लार्क यांचे थोरले बंधू पॉल हेही बचावपटू होते आणि जवळच्याच किलमार्नॉक संघाकडून ते दीर्घकाळ खेळले. स्टीव्ह यांची सुरुवात बीथ ज्युनिअर्स या स्थानिक संघातून झाली. १९८२ मध्ये पेझ्ली येथील सेंट मिरेन क्लबने त्यांना करारबद्ध केले. तेव्हा ते एका औषधनिर्मिती कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांच्या देखभालीचे काम उमेदवार म्हणून शिकत होते. फुटबॉल हेच उपजीविकेचे साधन होईल अशी खात्री त्या काळी स्कॉटलंडमधील फार थोड्या मुलांना असे. हाताशी एखादा धंदा असावा, हा विचार सार्वत्रिक होता. क्लार्क यांनी उमेदवारी पूर्ण केली आणि मगच ते पूर्णवेळ खेळू लागले.

सेंट मिरेनकडून लीगमध्ये ते दीडशेहून अधिक सामने खेळले. १९८७ च्या सुरुवातीला चेल्सीने सुमारे सव्वाचार लाख पौंड मोजून त्यांना लंडनला नेले. त्यानंतर काही महिन्यांतच, मे १९८७ मध्ये, सेंट मिरेनने स्कॉटिश चषक जिंकला. विजेत्यांमध्ये क्लार्क नव्हते. चषकासाठी त्यांना आणखी दहा वर्षे थांबावे लागले.

चेल्सीतील अकरा वर्षे

आजच्या वाचकाला चेल्सी म्हणजे श्रीमंत व यशस्वी क्लब एवढेच ठाऊक असते. क्लार्क ज्या चेल्सीत दाखल झाले ती निराळी होती. पहिल्याच पूर्ण हंगामाच्या शेवटी, १९८८ मध्ये, संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. पुढच्याच वर्षी ९९ गुणांसह त्याने ती श्रेणी जिंकली आणि पहिल्या श्रेणीत पुनरागमन केले. प्रशिक्षक येत आणि जात राहिले. जॉन हॉलिन्स, बॉबी कॅम्पबेल, इयान पोर्टरफील्ड, ग्लेन हॉडल, रुड हुलिट, जानलुका व्हिआली अशी ती मालिका सांगता येते. उजव्या बगलेवर मात्र क्लार्क कायम राहिले. १९९४ मध्ये क्लबचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांची निवड झाली. त्याच वर्षी एफए चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडने चेल्सीचा ४–० असा पराभव केला.

१९९५ नंतर चेल्सीत परदेशी खेळाडूंचा ओघ सुरू झाला. हुलिट, व्हिआली, जानफ्रँको झोला यांच्यासारखी नावे संघात आली आणि जुने खेळाडू एकेक करून बाहेर पडले. तिशी ओलांडलेले क्लार्क या बदलातही टिकले, ही गोष्ट त्यांच्या गुणांची पुरेशी साक्ष देते. ते विलक्षण वेगवान नव्हते आणि गोल करण्यासाठीही प्रसिद्ध नव्हते. योग्य वेळी योग्य जागी असणे, जोडीदाराची चूक आधीच ओळखणे आणि चेंडू साधेपणाने पुढे देणे, ही त्यांची ओळख होती. १९९७ मध्ये मिडल्सब्रोवर २–० अशी मात करून चेल्सीने एफए चषक जिंकला. सव्वीस वर्षांतील क्लबचे ते पहिले मोठे विजेतेपद होते. १९९८ मध्ये लीग चषक आणि युरोपीय चषकविजेता चषकही मिळाला. या दुसऱ्या स्पर्धेचा अंतिम सामना १३ मे १९९८ रोजी स्टॉकहोम येथे झाला. श्टुटगार्टवरील १–० अशा विजयाने क्लार्क यांच्या खेळाडू म्हणून कारकिर्दीची सांगता झाली. चेल्सीकडून ते एकूण ४२१ सामने खेळले. २००५ साली क्लबच्या शताब्दीनिमित्त निवडलेल्या सार्वकालिक संघात उजव्या बगलेची जागा त्यांनाच देण्यात आली.

राष्ट्रीय संघात त्यांना फारशी संधी मिळाली नाही. १९८७ ते १९९४ या काळात ते स्कॉटलंडकडून केवळ सहा सामने खेळले आणि एकाही मोठ्या स्पर्धेत ते उतरले नाहीत. त्यांच्या निवृत्तीनंतर महिन्याभरातच फ्रान्समध्ये विश्वचषक सुरू झाला. सलामीच्या सामन्यात ब्राझीलने स्कॉटलंडला २–१ असे हरवले, नॉर्वेशी १–१ अशी बरोबरी झाली आणि मोरोक्कोने ३–० असा धुव्वा उडवला. त्यानंतर तेवीस वर्षे स्कॉटलंडचा पुरुष संघ कोणत्याही मोठ्या स्पर्धेत दिसला नाही.

साहाय्यक प्रशिक्षक

१९९८ मध्ये हुलिट यांनी न्यूकॅसल युनायटेडची जबाबदारी घेतली आणि क्लार्क यांना मदतीला बोलावले. वर्षभरात हुलिट यांनी राजीनामा दिला. एका सामन्यापुरते प्रभारीपद क्लार्क यांच्याकडे आले आणि त्या सामन्यात मँचेस्टर युनायटेडकडून संघ ५–१ असा हरला. त्यानंतर ते चेल्सीत परतले व तेथील युवा खेळाडूंना शिकवू लागले.

२००४ मध्ये पोर्तुगालहून आलेल्या जोझे मोरिन्यो यांना क्लब आतून जाणणारा माणूस हवा होता. त्यांनी क्लार्क यांना आपले साहाय्यक नेमले. २००४–०५ च्या हंगामात चेल्सीने ९५ गुणांसह प्रीमियर लीग जिंकली. ३८ सामन्यांत त्यांच्यावर केवळ १५ गोल झाले. या बचावाचे श्रेय अर्थातच एकट्या क्लार्क यांचे नव्हे. तथापि संघाने चेंडू गमावताच प्रत्येकाने कोठे उभे राहायचे, याची रोज मैदानावर घोटून घेतलेली शिस्त त्यांनी येथे पाहिली आणि शिकवलीही. पुढच्या वर्षी लीगचे विजेतेपद कायम राहिले. २००५ व २००७ चे लीग चषक आणि २००७ चा एफए चषक हेही याच काळातले. सप्टेंबर २००७ मध्ये मोरिन्यो गेले, तरी क्लार्क राहिले. अव्राम ग्रँट यांच्या हाताखाली संघ २००८ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि मॉस्को येथे पेनल्टी शूटआउटमध्ये हरला.

त्यानंतर जुने सहकारी झोला यांच्यासमवेत त्यांनी वेस्ट हॅम युनायटेडमध्ये काम केले. जानेवारी २०११ पासून ते केनी डाल्ग्लिश यांच्याबरोबर लिव्हरपूलमध्ये होते. २०१२ मध्ये लिव्हरपूलने लीग चषक जिंकला, पण लीगमध्ये आठवे स्थान मिळाल्याने डाल्ग्लिश यांना पद सोडावे लागले आणि क्लार्कही बाहेर पडले.

मुख्य प्रशिक्षक : इंग्लंड

जून २०१२ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनने रॉय हॉजसन यांच्या जागी क्लार्क यांची नेमणूक केली. साहाय्यक म्हणून उत्तम असलेला माणूस प्रमुख म्हणून चालेलच असे नाही, ही शंका तेव्हा अनेकांनी बोलून दाखवली. पहिल्याच सामन्यात त्यांच्या संघाने लिव्हरपूलला ३–० असे हरवले. नोव्हेंबर २०१२ मध्ये लीगमधील महिन्याचे सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून त्यांचा गौरव झाला आणि हंगामाअखेर संघ ४९ गुणांसह आठव्या स्थानी राहिला. प्रीमियर लीगमध्ये या क्लबने तोवर एवढी वरची जागा मिळवली नव्हती. चेल्सीकडून वर्षभरासाठी आलेल्या तरुण रोमेलु लुकाकू याचे १७ गोल त्यात मोलाचे ठरले. शेवटचा सामना मँचेस्टर युनायटेडविरुद्ध होता. सर अॅलेक्स फर्ग्युसन यांच्या निवृत्तीचा तो सामना ५–५ असा बरोबरीत सुटला.

सप्टेंबर २०१३ मध्ये अल्बियनने ओल्ड ट्रॅफर्डवर २–१ असा विजय मिळवला. त्या मैदानावर १९७८ नंतर त्यांना प्रथमच यश मिळाले होते. मात्र त्यानंतर पराभवांची साखळी लागली आणि डिसेंबरमध्ये क्लार्क यांना पदावरून दूर करण्यात आले. आठव्या स्थानाचे कौतुक सात महिनेही टिकले नाही. इंग्लंडमधील क्लबांच्या मालकांचा संयम किती तोकडा असतो, याचे हे ठळक उदाहरण मानावे लागेल.

पुढे डिसेंबर २०१४ ते डिसेंबर २०१५ या काळात ते रेडिंगचे प्रशिक्षक होते. दुसऱ्या श्रेणीतील या संघाने एप्रिल २०१५ मध्ये एफए चषकाची उपांत्य फेरी गाठली. १९२७ नंतर असे प्रथमच घडत होते. जादा वेळेत आर्सेनलने २–१ असा विजय मिळवला. २०१६ मध्ये काही महिने ते अॅस्टन व्हिलात रॉबर्टो दि मातेओ यांचे साहाय्यक होते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते पुन्हा दुसऱ्या खुर्चीवर आले होते.

किलमार्नॉक

ऑक्टोबर २०१७ मध्ये क्लार्क तीस वर्षांनी स्कॉटिश फुटबॉलमध्ये परतले. ज्या संघासाठी त्यांचे बंधू खेळले होते, तो किलमार्नॉक तेव्हा लीगच्या तळाशी होता. पैसा थोडा आणि मैदान कृत्रिम गवताचे, अशी स्थिती होती. क्लार्क यांनी मोठी खरेदी केली नाही. हाताशी असलेल्या खेळाडूंना त्यांनी ठरावीक जागा व ठरावीक कामे दिली. अनुभवी आघाडीवीर क्रिस बॉयड त्या हंगामात १८ गोलांसह लीगमध्ये अव्वल ठरला. उजव्या बगलेचा स्टीव्हन ओडोनेल पुढे राष्ट्रीय संघात गेला. तळाचा संघ हंगामाअखेर पाचव्या क्रमांकावर होता.

२०१८–१९ मध्ये किलमार्नॉकने ६७ गुणांसह तिसरे स्थान मिळवले. १९६६ नंतर क्लब एवढ्या वर आला नव्हता. शेवटच्या दिवशी रेंजर्सवर २–१ अशी मात करून ही जागा पक्की झाली आणि २००१ नंतर प्रथमच युरोपीय स्पर्धेची दारे उघडली. क्लार्क यांच्या कामाचे मोल त्यांच्या जाण्यानंतर अधिक स्पष्ट झाले. त्याच उन्हाळ्यात किलमार्नॉकला युरोपा लीगच्या पहिल्याच फेरीत वेल्समधील कॉनाज् की नोमॅड्स या लहानशा संघाने बाहेर काढले, तर २०२१ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला.

या काळातील एका घटनेचा उल्लेख आवश्यक आहे. ग्लासगो व पश्चिम स्कॉटलंडमध्ये फुटबॉलनिष्ठा आणि धर्मपंथ यांची जुनी गुंफण आहे. रेंजर्सचे समर्थक परंपरेने प्रॉटेस्टंट, तर सेल्टिकचे कॅथलिक. फेब्रुवारी २०१९ मध्ये रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटिश चषकाच्या सामन्यात प्रेक्षकांतील एका गटाने क्लार्क यांना उद्देशून कॅथलिकांसाठी वापरला जाणारा अपशब्द असलेल्या घोषणा दिल्या. किलमार्नॉक तो सामना ५–० असा हरला होता. सामन्यानंतर, एरवी मितभाषी असणारे क्लार्क स्पष्टपणे बोलले. चेल्सीने आपल्याला तरुणपणी या प्रदेशातून बाहेर नेले याबद्दल आपण त्या क्लबचे आभारी आहोत आणि आपल्या मुलांना या वातावरणात वाढावे लागले नाही, अशा आशयाचे ते बोलणे होते. पराभवाची सबब म्हणून त्यांनी हा विषय काढला नव्हता. त्यामुळेच त्या वक्तव्याची स्कॉटलंडभर चर्चा झाली.

राष्ट्रीय संघ

संयुक्त राजतंत्राचे घटक असूनही इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे फुटबॉल संघ स्वतंत्र आहेत. त्यामुळे सुमारे पंचावन्न लाख लोकवस्तीच्या स्कॉटलंडसाठी राष्ट्रीय संघ हे स्वतंत्र ओळखीचे एक महत्त्वाचे चिन्ह आहे. २० मे २०१९ रोजी अॅलेक्स मॅकलीश यांच्या जागी क्लार्क यांची नेमणूक झाली. सायप्रसवर २–१ असा विजय मिळाल्यानंतर बेल्जियम व रशिया यांच्याविरुद्धचे चारही सामने संघाने गमावले. त्या चार सामन्यांत १३ गोल स्वीकारावे लागले. थेट पात्रतेचा मार्ग बंद झाला, परंतु नेशन्स लीगमधील आधीच्या कामगिरीमुळे बाद फेरीची एक वाट शिल्लक होती.

संघापुढील एक अडचण विचित्र होती. अँडी रॉबर्टसन व किरन टियर्नी हे दोन सर्वोत्तम खेळाडू एकाच जागेचे, डाव्या बगलेचे बचावपटू होते. क्लार्क यांनी मध्यभागी तीन बचावपटूंची रचना स्वीकारली. टियर्नीला त्या तिघांत डावीकडे ठेवले आणि रॉबर्टसनला त्याच्या पुढे मोकळी बगल दिली. मध्यरक्षक स्कॉट मॅकटॉमिने यालाही काही काळ मागे खेळवले. प्रेक्षकांना ही मांडणी सुरुवातीस रुचली नाही, पण गोल होणे थांबले.

ऑक्टोबर २०२० मध्ये इस्रायलविरुद्धचा उपांत्य सामना गोलशून्य राहिला आणि शूटआउटमध्ये स्कॉटलंड ५–३ असा जिंकला. १२ नोव्हेंबर २०२० रोजी बेलग्रेड येथे सर्बियाशी अंतिम लढत झाली. करोनामुळे मैदान रिकामे होते. रायन क्रिस्टीने ५२व्या मिनिटाला केलेला गोल जवळजवळ पुरेसा ठरत होता. ९०व्या मिनिटाला लुका योविचने बरोबरी साधली. जादा वेळेनंतर शूटआउटमध्ये स्कॉटलंडच्या पाचही खेळाडूंनी गोल केले आणि सर्बियाचा अलेक्झांडर मित्रोविच याची पेनल्टी गोलरक्षक डेव्हिड मार्शलने अडवली. १९९८ पासूनची प्रतीक्षा संपली.

करोनामुळे २०२१ च्या उन्हाळ्यात झालेल्या त्या युरो स्पर्धेत यश मर्यादितच राहिले. हॅम्पडेन पार्कवर चेक प्रजासत्ताकाने २–० असे हरवले. त्यातील पॅट्रिक शिकचा जवळपास अर्ध्या मैदानावरून मारलेला गोल स्पर्धेतील सर्वात गाजलेला ठरला. वेम्बलीवर इंग्लंडला ०–० असे रोखले. मात्र क्रोएशियाकडून ३–१ असा पराभव झाला आणि आव्हान गटातच संपले.

२०२२ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत संघ सलग सहा विजयांसह गटात दुसरा आला, पण बाद फेरीत युक्रेनने हॅम्पडेनवर ३–१ असा विजय मिळवला. युरो २०२४ ची पात्रता हा क्लार्क यांच्या कारकिर्दीतील सर्वात सुंदर टप्पा म्हणता येईल. २८ मार्च २०२३ रोजी मॅकटॉमिनेच्या दोन गोलांच्या जोरावर बलाढ्य स्पेनला २–० असे हरवले. जूनमध्ये ऑस्लो येथे नॉर्वेविरुद्ध पिछाडीवर असताना शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून २–१ अशी बाजी मारली. पहिले पाचही सामने जिंकल्यामुळे दोन सामने बाकी असतानाच पात्रता निश्चित झाली. आता पुढे खेळवल्या जाणाऱ्या मॅकटॉमिनेने या फेरीत सात गोल केले.

टीका

जर्मनीतील प्रत्यक्ष स्पर्धेने या आनंदावर विरजण घातले. म्युनिक येथे सलामीलाच यजमानांनी ५–१ असा दणदणीत पराभव केला. त्यातला स्कॉटलंडचा एकमेव गोलही जर्मनीचा स्वयंगोल होता. स्वित्झर्लंडशी १–१ अशी बरोबरी झाली. हंगेरीविरुद्ध जिंकणे अनिवार्य असताना संघाने गोलच्या दिशेने फारसे फटके मारलेच नाहीत आणि भरपाई वेळेच्या दहाव्या मिनिटाला गोल स्वीकारून सामना ०–१ असा गमावला. स्टुअर्ट आर्मस्ट्राँगला पाडल्याबद्दल पेनल्टी न दिल्यामुळे क्लार्क यांनी पंचांवर जाहीर टीका केली. ती तक्रार निराधार नव्हती, परंतु त्या एका निर्णयाने संघाच्या भित्र्या खेळाचे समर्थन होत नाही. जी सावध शिस्त स्कॉटलंडला स्पर्धेच्या दारापर्यंत नेते, तीच आत गेल्यावर संघाचे पाय बांधते, हा क्लार्क यांच्यावरील मुख्य आक्षेप याच सामन्यामुळे दृढ झाला. दुसरी बाजू अशी की, त्यांच्याआधीही स्कॉटलंड आठ विश्वचषक आणि दोन युरो स्पर्धा खेळला होता आणि त्यांपैकी एकाही वेळी पहिल्या फेरीपुढे गेला नव्हता. हे अपयश त्यांना वारशानेच मिळाले होते.

नेशन्स लीगच्या वरच्या श्रेणीत पहिले तीन सामने गमावल्यावर संघाने क्रोएशिया व पोलंडवर विजय मिळवले, परंतु मार्च २०२५ मध्ये ग्रीसकडून हॅम्पडेनवर ०–३ असा पराभव पत्करून श्रेणी गमावली. प्रशिक्षक बदलावा अशी मागणी पुन्हा होऊ लागली.

२०२६ चा विश्वचषक

पात्रता फेरीत स्कॉटलंडच्या गटात डेन्मार्क, ग्रीस व बेलारूस होते. कोपनहेगन येथे ०–० अशी बरोबरी साधल्यानंतर संघाने तीन सामने जिंकले. ऑक्टोबर २०२५ मध्ये बेलारूसविरुद्धचा सामना प्रशिक्षक म्हणून क्लार्क यांचा ७२वा होता. क्रेग ब्राऊन यांचा ७१ सामन्यांचा विक्रम त्यांनी मागे टाकला. तो सामना २–१ असा जिंकूनही प्रेक्षकांनी नाराजीचे सूर काढले आणि स्वतः क्लार्क यांनीही खेळाबद्दल असमाधान व्यक्त केले. नोव्हेंबरमध्ये ग्रीसने ३–२ असे हरवले, पण त्याच रात्री डेन्मार्कला बेलारूसने २–२ असे रोखल्याने शेवटच्या सामन्यात निर्णय होणार हे ठरले.

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी हॅम्पडेनवर डेन्मार्कविरुद्ध स्कॉटलंडला विजयच हवा होता. तिसऱ्याच मिनिटाला मॅकटॉमिनेने हवेत उलटे झेपावत मारलेल्या फटक्यावर गोल झाला. डेन्मार्कने दोनदा बरोबरी साधली. त्यांचा एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेला, तरी २–२ ही बरोबरी त्यांना पुरेशी होती. भरपाई वेळेत टियर्नीने दुरून मारलेला चेंडू जाळ्यात गेला. डेन्मार्कचा गोलरक्षक जागा सोडून पुढे आला असताना केनी मॅकलीनने अर्ध्या रेषेजवळून चौथा गोल केला. सावधपणाबद्दल बोलणी खाणाऱ्या प्रशिक्षकाच्या संघाने निर्णायक सामना ४–२ असा जिंकला होता.

डिसेंबर २०२५ मध्ये काढलेल्या सोडतीनुसार विश्वचषकात स्कॉटलंडचा समावेश हैती, मोरोक्को आणि ब्राझील यांच्या गटात झाला. यांपैकी शेवटचे दोन संघ १९९८ मध्ये फ्रान्समध्येही स्कॉटलंडच्याच गटात होते.